पोलीस ठाणं आणि कॉलेज: राज्याच्या बजेटात दोन्हींचा पैसा कसा शोधायचा

टीव्हीवर खाली पट्टीत फिरणारा आकडा वहीत उतरवू नका. 'गृह विभागाला अमुक कोटी, शिक्षणाला तमुक कोटी' हे आकडे विभागाच्या नावावरचे असतात. आपल्याला हवं असतं ते वेगळं. गुन्हे रोखण्यावर, तपासावर आणि शिक्षेवर किती गेले, आणि बारावीच्या पुढच्या पोरांवर किती गेले? या प्रश्नाचं उत्तर बजेटच्या पुस्तकात आहे, पण एका पानावर नाही. ते गोळा कसं करायचं ते लिहिते आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या ऑफिसात पगारबिलं केली. यजमान पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. घरात दोन पगार, दोन्हींचा पैसा राज्याच्या तिजोरीतला, पण येण्याच्या वाटा वेगळ्या. त्यांचं पगारबिल 'सेवार्थ' प्रणालीतून जायचं आणि ते थेट शासनाचे कर्मचारी. आमचं 'एचटीई सेवार्थ'मधून, आणि आम्ही संस्थेचे कर्मचारी, ज्यांच्या पगारासाठी शासन संस्थेला अनुदान देतं. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता तयारी. एक रेघांची वही, कॅल्क्युलेटर आणि मोबाइलवर नेट, एवढं पुरतं. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पीय प्रकाशनं असतात, विभागवार. प्रत्येक विभागाला एक इंग्रजी अक्षर दिलेलं आहे: गृह विभाग 'बी', उच्च व तंत्रशिक्षण 'डब्ल्यू', शालेय शिक्षण व क्रीडा 'ई', विधी व न्याय 'जे'. या अक्षरापुढे मागणी क्रमांक येतो; मागणी म्हणजे विभागाने विधानसभेकडे मागितलेली रक्कम. पान उघडल्यावर सगळ्यात आधी वरच्या कोपऱ्यातलं एकक बघा. तपशिलाच्या पुस्तकांत रक्कम हजारात असते, सारांशात कोटीत. हजाराचे कोटी करायचे तर दहा हजारांनी भागा. इथे गोंधळ झाला तर पुढची सगळी वही वाया.

राज्याचंच पुस्तक का, केंद्राचं का नाही? पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि तुरुंग हे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याच्या यादीत आहेत. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती यादीत गेलं, तरी अनुदानित कॉलेजच्या प्राध्यापकाचा पगार राज्यच देतं. म्हणजे दोन्ही पारडी मुंबईत भरतात.

आणि ती भरताना हात किती बांधलेले असतात ते एका वर्षाच्या आकड्यांवरून कळेल. १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये धरली होती आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. तूट ४५,८९१ कोटी. त्या खर्चातून वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज आधी बाजूला काढावं लागतं, त्याला अनिवार्य खर्च म्हणतात. नवं कॉलेज, नवं पोलीस ठाणं, नवी पदं यांची ओढाताण उरलेल्या पैशात होते.

लेखाशीर्ष वाचायला शिका

बजेटमधला प्रत्येक खर्च चार आकडी मुख्य लेखाशीर्षाखाली लिहिलेला असतो. पहिला अंक खर्चाची जात सांगतो. २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, म्हणजे पगार, डिझेल, अनुदान. ४ किंवा ५ असेल तर भांडवली, म्हणजे इमारत वगैरे. ६ किंवा ७ असेल तर कर्जं. ० किंवा १ असेल तर जमा. मागचे तीन अंक विषय सांगतात. पोलिसांचे ०५५, म्हणून ००५५ पोलिसांकडून आलेली जमा, २०५५ पोलिसांचा चालू खर्च, ४०५५ पोलिसांचा भांडवली खर्च. शिक्षणाचे २०२, म्हणून ०२०२, २२०२, ४२०२. एवढं डोक्यात बसलं की पुस्तकाची भीती जाते. माझ्याकडे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी शेजारची मुलगी येते. तिला मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं आणि घरी जाऊन पानं चाळायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती विचारायला आली, "काकू, २२०२ दोन विभागांत कसं?"

नेमका प्रश्न. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण. त्यात प्राथमिक आणि माध्यमिक शाळाही आल्या, म्हणून ते 'ई' आणि 'डब्ल्यू' दोन्हींत दिसतं, आणि या शीर्षातला मोठा वाटा शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराचा असतो. 'शिक्षणावर पोलिसांच्या कितीतरी पट खर्च होतो' असं जे सांगितलं जातं, त्यात हा सगळा शाळांचा पैसा मिसळलेला असतो. आपल्याला फक्त उपशीर्ष ०३ घ्यायचं, विद्यापीठीय व उच्च शिक्षण. त्याच्या आत १०२ म्हणजे विद्यापीठांना सहाय्य, १०३ शासकीय महाविद्यालयं, १०४ अशासकीय महाविद्यालयांना सहाय्य. कोकणातली आपली बहुतेक जुनी कॉलेजं या १०४ मध्ये बसतात.

वहीच्या डाव्या पानावर गुन्ह्याची बाजू मांडा. २०५५ पोलीस, २०५६ तुरुंग, २०१४ न्यायदान, ४०५५ पोलिसांच्या इमारती वगैरे. गणपतीत महामार्गावर उभे राहणारे होमगार्ड २०५५ मध्ये सापडणार नाहीत, ते २०७० मध्ये, इतर प्रशासनिक सेवांत. न्यायदान विसरू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे खटला निकाली न निघालेले. न्यायालयांना न्यायाधीश आणि कारकून मिळाले नाहीत तर तो खर्च २०५६ मध्ये भाकरी-भाजीच्या रूपाने वाढतो. ही दोन शीर्षं शेजारी ठेवूनच वाचायला हवीत.

उजव्या पानावर उच्च शिक्षण. २२०२-०३, मग २२०३ तंत्रशिक्षण, मग ४२०२ मधला कॉलेजांचा भाग. इथे बरेच जण थांबतात, आणि कोकणापुरता हिशोब इथेच चुकतो. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय त्याच विद्यापीठाचं. हा पैसा 'डब्ल्यू'मध्ये नाही. तो कृषी विभागात, २४१५ या शीर्षाखाली, कृषी संशोधन व शिक्षण म्हणून दिसतो. सिंधुदुर्ग, अलिबाग आणि रत्नागिरीची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, २२१० खाली. शिष्यवृत्ती तर तिसरीकडेच. अनुसूचित जातीच्या मुलाची सामाजिक न्याय विभागाकडून, इतर मागासवर्गाच्या मुलीची बहुजन कल्याण विभागाकडून, ती २२२५ मध्ये शोधावी लागते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी शासन भरतं, तीही एकाच विभागाच्या खात्यातून जात नाही. एका वर्गात शेजारी बसलेल्या तीन मुलींची फी तीन विभागांच्या मागण्यांत असू शकते.

दोन्ही पानांवर एक रकाना रिकामा ठेवा आणि त्यावर २०७१ लिहा. निवृत्तिवेतन वित्त विभागाकडे असतं. यजमानांची पेन्शन २०५५ मध्ये दिसत नाही. पोलीस दल मोठं, म्हणजे पुढे येणारं पेन्शनही मोठं. तुलना करताना हा खर्च लपलेला आहे एवढी नोंद तरी हवीच.

डाव्या पानाबद्दल एक प्रामाणिक इशारा. २०५५ चा सगळा पैसा 'गुन्ह्यावर' जात नाही. जिल्हा पोलीस हे गौण शीर्ष १०९ (वर १०२, १०३, १०४ आले तसंच तीन आकडी). त्यात चोरीचा तपास करणारा हवालदार आहे आणि शिमग्याला पालखीच्या बंदोबस्ताला उभा असलेलाही तोच आहे. निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, नारळी पौर्णिमा, गणपतीला मुंबईहून येणारी गर्दी, सगळं त्याच पगारात. पुस्तकात याची फोड मिळत नाही. म्हणून 'गुन्ह्यावरचा खर्च' न म्हणता 'पोलीस, न्यायालय, तुरुंग' असंच म्हणावं.

पगार कोणता आणि बाकीचं काय

आता आणखी एक पायरी खाली, उद्दिष्ट शीर्षांकडे. हे दोन आकडी असतात आणि पैसा नेमका कशावर गेला ते सांगतात. ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, २४ पेट्रोल-तेल-वंगण, ३१ सहायक अनुदानं वेतनेतर, ३६ सहायक अनुदानं वेतन, ५३ मोठी बांधकामं. पोलिसांच्या पानावर ०१ दिसतं. आमच्या कॉलेजच्या पानावर ०१ नाहीच, तिथे ३६ आहे. पगार शासनाच्याच तिजोरीतून येत असला तरी पुस्तकाच्या लेखी तो आम्हाला दिलेला पगार नव्हे, संस्थेला दिलेलं अनुदान आहे. वेतनाची तरतूद असूनही तिचं वितरण खालच्या कार्यालयापर्यंत पोचलं नाही, तर बिल तयार असून पडून राहतं. बिलावर सह्या झालेल्या, खात्याची यादी जोडलेली, आणि 'बीम्स' या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीत त्या शीर्षासमोर शिल्लक शून्य. मार्चअखेरीला मी ही स्क्रीन पुष्कळदा बघितली आहे. यजमानांच्या ०१ ला अशी वाट बघावी लागल्याचं मला आठवत नाही.

म्हणून दोन्ही बाजूंचं वेतन एका ओळीत घ्या आणि वेतनेतर दुसऱ्या ओळीत. कॉलेजच्या बाजूला ३१ बघा. प्रयोगशाळेतली रसायनं, ग्रंथालयाची पुस्तकं, वीजबिल या गोष्टींना शासनाकडून काय मिळतं ते तिथे कळतं. ही ओळ वर्षानुवर्षं जागची हलत नसेल तर कॉलेज तो खर्च कुठून तरी भरून काढतं, आणि बहुधा तो मुलांच्या फीमधून निघतो. पोलिसांच्या बाजूला १३ आणि २४ बघा. मी वही भरत बसले की यजमान एकच विचारतात, "त्यात आमच्या बोटीचं डिझेल कुठे आहे ते दाखव." ते २४ मध्ये आहे.

बोटीवरून आठवलं ते सांगायलाच हवं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीची सामग्री आपल्याच किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरली होती. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर समुद्रातूनच मुंबईत शिरले. केंद्राची सागरी सुरक्षा योजना २००५ च्या सुमारास सुरू झाली, दुसरा टप्पा एप्रिल २०११ पासून. त्यातून किनाऱ्यावरच्या राज्यांना सागरी पोलीस ठाणी आणि गस्तीच्या बोटी मिळाल्या. पण बोट एकदा येते आणि तिचं डिझेल, दुरुस्ती, खलाशी दरवर्षी लागतात, तेही राज्याच्या २०५५ मधून. खाऱ्या पाण्यात इंजिन किती टिकतं ते कुठल्याही दर्याच्या माणसाला विचारा. बोटींचा आकडा बघून समाधान मानू नका, त्यांच्या चालवण्याची तरतूद त्याच वेगाने वाढली का ते बघा. कॉलेजलाही हेच लागू. नवी इमारत ४२०२ मधून उभी राहते, आणि शिकवायला प्राध्यापक हवा असेल तर २२०२ मध्ये पद मंजूर व्हावं लागतं. कायद्याचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली. कायदा संसदेने केला, माणसं आणि गाड्या राज्याने पुरवायच्या.

कोकणात पारडं एकाच बाजूला का झुकतं

माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं इथे आहे. पोलिसांचा खर्च मुलुखाच्या हिशोबाने ठरतो आणि कॉलेजचा डोक्यांच्या हिशोबाने.

किनारा आहे तेवढाच राहतो. खाड्या, बंदरं, घाट, महामार्ग आहेत, म्हणजे ठाणं लागणार. गावात माणसं कमी झाली म्हणून कोणी ठाणं बंद करत नाही, आणि करूही नये. बंद घरांच्या वाडीत चोरीची भीती उलट जास्त. अनुदानित कॉलेजमधली पदं मात्र कार्यभारावर, म्हणजे शिकवायच्या तासांवर ठरतात. विद्यार्थी घटले, तुकडी गेली, तास कमी झाले, की पद गेलं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. २००१ मध्ये ती १६,९६,७७७ होती. सिंधुदुर्गाचीही घटली. राज्याची वाढत असताना आपले दोन जिल्हे आकसले, कारण पोरं मुंबई-पुण्याला गेली. इतिहासाचा किंवा संस्कृतचा प्राध्यापक निवृत्त झाला आणि वर्गात पुरेशी मुलं नसली, की त्याची जागा भरण्याचा प्रस्तावच टिकत नाही. मग तासिका तत्त्वावर कोणीतरी तरुण येतो, वर्षभर शिकवतो, जून आला की पुन्हा मुलाखतीला उभा राहतो. विषय तुटला की ज्याला तो शिकायचाय तो मुलगा मुंबईला जातो, आणि पुढच्या वर्षी कार्यभार आणखी कमी भरतो.

कोणी ठरवून कॉलेजकडून काढून पोलिसांना दिलेलं नाही. दोन वेगळी सूत्रं आहेत, आणि माणसं घटणाऱ्या मुलुखात ती विरुद्ध दिशेला ओढतात. म्हणून दरडोई खर्चाचा रकाना कोकणासाठी जपून वापरा. लोकसंख्या घटली की काहीही न वाढता पोलिसांचा दरडोई खर्च फुगलेला दिसतो. कॉलेजसाठी 'दर विद्यार्थी' न घेता 'तालुक्यात किती विषय शिकायला मिळतात' असा रकाना मी स्वतः केला आहे. मंडणगडच्या मुलीला भौतिकशास्त्र घरून ये-जा करून शिकता येतं का, हे मला कोटींच्या आकड्याइतकंच मोलाचं वाटतं.

पोलिसांना जास्त मिळतं असंही मी म्हणत नाही. रिकामी पदं त्यांच्याकडेही आहेत. गणपतीचे दिवस म्हणजे यजमानांना घरच्या आरतीला कधी उभं राहता आलं नाही.

तीन रकाने, एक भागाकार

प्रत्येक शीर्षासमोर पुस्तकात चार रकाने असतात. २०२५-२६ चं पुस्तक घेतलं तर २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अंदाज. बातम्या शेवटच्या रकान्यावर होतात. तुम्ही पहिले तीन बघा. अंदाज मोठा, सुधारित अंदाज लहान आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून लहान असं एखाद्या शीर्षाचं दरवर्षी होत असेल तर तिथे घोषणा आहे, पैसा नाही. प्रत्यक्ष खर्चासाठी मागच्या तीन-चार वर्षांची पुस्तकं एकापुढे एक लावावी लागतात. शिवाय पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितलेले जादा पैसे, बघायच्या. त्या विधिमंडळाच्या अधिवेशनांत येतात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातही. मार्चच्या पुस्तकात न दिसलेला बराच पैसा तिथे दिसतो.

मग महागाई काढा. रीत दाखवण्यापुरते आकडे घेऊ. समजा पाच वर्षांत पोलिसांचा खर्च १०० वरून १४० झाला, उच्च शिक्षणाचा १०० वरून १२० झाला आणि भाव १०० वरून १२८ झाले. १४० भागिले १.२८ म्हणजे १०९. १२० भागिले १.२८ म्हणजे ९४. दोन्हीकडे वाढ दिसत होती, पण दुसरीकडे खरं तर घट आहे. भावाचा निर्देशांक केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाकडून दरमहा जाहीर होतो. हा भागाकार केल्याशिवाय 'तरतूद वाढवली' या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

वही भरली, पुढे काय

मार्चमध्ये आरडाओरडा करून फार उपयोग नसतो, तोवर पुस्तक छापून झालेलं असतं. विभाग आपले अंदाज त्याच्या कितीतरी आधी, पावसाळा सरता सरता जुळवायला घेतात. आमदारांना भेटायचं तर गणपती ते दिवाळी या काळात भेटा, आणि हातात एकच पान न्या. त्यावर शीर्षाचा पूर्ण क्रमांक लिहा. 'कॉलेजला निधी द्या' असं निवेदन फायलीत जातं. '२२०२-०३-१०४ मधल्या ३१ वेतनेतर अनुदानाचा तीन वर्षांचा अंदाज आणि खर्च हा असा आहे' असं लिहिलेलं पान आमदाराला सभागृहात वापरता येतं. विभागाच्या मागणीवर चर्चा होते तेव्हा सदस्य कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असा प्रस्ताव, देऊ शकतात. सगळ्या मागण्यांना चर्चेचा वेळ मिळत नाही, काही नुसत्या मतदानाने मंजूर होतात, म्हणून आपला विषय आधीच पोचलेला बरा.

जिल्ह्यातल्या कामांसाठी जिल्हा नियोजन समिती वेगळी. पालकमंत्री तिचे अध्यक्ष. पोलिसांच्या गाड्या, सीसीटीव्ही यांसाठी तिथून पैसे मिळाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, हा पैसा गृह विभागाच्या पानांवर सापडेलच असं नाही. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत मिळतं. मागून मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. मजकूर असा ठेवा: 'सन अमुक ते तमुक या वर्षांत जिल्हा वार्षिक योजनेतून पोलीस विभागास आणि उच्च व तंत्रशिक्षण संस्थांस वितरित व प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम, कामनिहाय, वर्षनिहाय.' 'का' असा शब्द अर्जात घालू नका, कारण विचारलं की अर्ज परत येतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा. पोच घेतलेली प्रत वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवून ठेवा.